पटावर नाव आहे, मूल कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं
(या महिन्याचा विषय : आदिवासी भागातलं शिक्षण. उत्तरं देणाऱ्या बाई मेळघाटातल्या जिल्हा परिषद शाळांमधून शिकवून निवृत्त झाल्या आहेत.)

संपादकांनी पत्रांचा गठ्ठा परतवाड्याला पाठवला, सोबत चिठ्ठी : ‘बाई, थोडक्यात उत्तरं द्या.’ जमेल तिथं थोडक्यात देते. मेळघाटातलं सांगेन ते माझ्या वर्गातलं आहे. पालघर-नंदुरबारकडचं तिथल्या शिक्षकांशी असलेल्या ओळखीतून आलेलं. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक उत्तरात उगाळायला नको. मुलाचं नाव पटावर चढवणं आपल्या राज्याला चांगलं जमतं. नाव चढल्यावर ते पोट्टं वर्गात काय करतं, त्याला काय कळतं आणि मार्च महिन्यात ते कुठं असतं, हे विचारायला मात्र फारसं कुणी येत नाही.

प्रश्न : मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन धारणी तालुक्यात शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. मुलं रोज येतात, पण मी बोललो की नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहतात. केंद्रप्रमुख म्हणतात, निपुणच्या (लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या सरकारी कार्यक्रमाच्या) चाचणीत मुलं वाचताना दिसली पाहिजेत. मी कोरकू शिकू की मुलांना मराठी शिकवू?
– एक शिक्षणसेवक, धारणी तालुका

उत्तर : सर, दोन्ही करावं लागेल. पण आधी कोरकू.

तुमच्यासमोर बसलेल्या पोराचा विचार करा. घरी आई, आजी, शेळ्या, सगळ्यांशी कोरकू. धारणीच्या आठवडी बाजारात हिंदी, कारण पलीकडे बऱ्हाणपूर आणि खंडवा. आणि शाळेत मराठी. म्हणजे मराठी ही त्याची तिसरी भाषा, आणि दिवसभर ती बोलणारा गावात बहुतेक एकटा माणूस तुम्ही. वारली किंवा कोकणा मुलाच्या कानाला मराठी निदान ओळखीची वाटते. कोरकू ही मुंडा कुळातली, तिकडे झारखंडच्या संथाळी-मुंडारीच्या नात्यातली भाषा. तिचं मराठीशी नातं नाही आणि गोंडीशीही नाही. तेव्हा ती पोरं तोंडाकडे बघतात याचा अर्थ ती मंद आहेत असा नाही. तुमच्या आधीच्या कुणी तरी वर्णनात्मक नोंदीत ‘अबोल’ असं लिहून ठेवलं असेल. ती नोंद पुढच्या वर्षी तशीच उतरवू नका.

आता करायचं काय? तुमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई आहे ना, तिथून सुरू करा. माझ्या एका शाळेत होती ती जेमतेम चौथी शिकलेली. डाळ-तांदूळ चुलीवर चढवून वर्गाच्या दारात येऊन बसायची, हातात पळी तशीच. मी चित्र दाखवून ‘यात काय काय दिसतं?’ विचारलं की वर्ग गप्प. तिनं तेच कोरकूत विचारलं की पंचवीस जण एकदम बोलायला लागायचे. जूनपासून तोंड न उघडलेल्या एका पोराला तिनं एकदा काय विचारलं कोण जाणे. तो उभा राहिला आणि मोह वेचायला गेलेल्या त्याच्या मामामागे अस्वल कसं लागलं ते हातवारे करून चांगली दहा मिनिटं सांगत राहिला. बाईनं मला त्यातलं निम्मंच सांगितलं. उरलेलं निम्मं मामानं अस्वलाला दिलेल्या शिव्यांचं होतं म्हणे.

त्या दिवशी फळ्यावर मी त्याच्याच तोंडचे चार शब्द देवनागरीत लिहिले. कोरकू लिहायला देवनागरी छान चालते. पोरानं आपलाच शब्द फळ्यावर ओळखला की त्यातलं अक्षर त्याचं होतं, आणि एकदा हाताला लागलेलं अक्षर पुढं मराठीलाही चालतंच. उलट, अक्षर नवं, शब्द नवा आणि चित्रातली वस्तूही कधी न पाहिलेली, अशा तिहेरी ओझ्याखाली पहिलीतलं मूल पाठांतर करायला लागतं. मग इन्स्पेक्शनला ते घडाघडा ‘वाचतं’, पण पुस्तकाचं पान उलटं धरलेलं असतं.

रोज पहिला तास फक्त कोरकू गोष्टी-गप्पांचा ठेवा. मराठीला स्वतंत्र वेळ द्या, पण ती तोंडी आणि हातापायांची : दार लाव, पाणी आण, दगड मोज, ह्याच्या मागं उभा राहा. दिवाळीपर्यंत एवढंच केलंत तरी काही बिघडत नाही. गणितातही तेच. कोरकू मुलं दहापर्यंत आपल्या भाषेत सरळ मोजतात, पुढं बाजारातले हिंदी आकडे. त्यावर आपण ‘एकोणतीस’ टाकतो. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत दिली, तेव्हा शहरांत केवढा गदारोळ झाला, विनोद झाले. माझ्यासारख्या बायांनी मात्र सुटकेचा श्वास टाकला होता.

केंद्रप्रमुखांना काय सांगाल? राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २९ म्हणतं, माध्यम ‘व्यवहार्य असेल तिथवर’ मुलाची मातृभाषा असावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच आहे. ‘व्यवहार्य असेल तिथवर’ या फटीतून सगळं निसटतं, हे खरं. पण ओडिशानं २००७ पासून आदिवासी भाषांतून पहिलीची पुस्तकं काढली, त्या त्या भाषेचे शिक्षक नेमले. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावला ग्रामसभांनी २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच काढली. परवानगीच्या कागदांवरून तिला पुढं झगडावं लागलं, तो भाग वेगळा. तुम्ही प्रत्येक मुलाची साधी वही ठेवा : जूनमध्ये काय येत होतं, सप्टेंबरमध्ये काय येतं. वरिष्ठांशी वाद घालण्यापेक्षा ती वही पुढं करा.

पैशाचं विचाराल, तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांच्याकडून ठराव करून घ्या की पहिली-दुसरीसाठी गावातली एक शिकलेली मुलगी मदतनीस हवी. धारणी-चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र आहे. तिथं पेसाचा, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, पाच टक्के अबंध निधी ग्रामसभेच्या हातात असतो आणि तो शिक्षणावरही खर्च करता येतो. बहुतेक गावांत तो पेव्हर ब्लॉकवर जातो. ग्रामसभेला जाऊन बसा आणि मागा.

राहिलं तुमचं कोरकू. संध्याकाळी गावच्या म्हाताऱ्यांजवळ बसत जा. मेळघाटात बदली म्हणजे शिक्षा, असं धरून पहिल्याच आठवड्यात बदलीचा अर्ज लिहिणारे मी ढिगानं पाहिले. तुम्ही अर्जाऐवजी पत्र लिहिलंत, यातच अर्धं काम झालं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागे वीटभट्टी आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कातकरी कुटुंबं येतात. आठ-दहा मुलं दिवसभर तिथंच असतात. मी जवळच्या शाळेत विचारायला गेले तर सांगितलं, दाखला नाही, आधार नाही, आणि जानेवारीत कुठं नाव घालणार? खरंच काही करता येत नाही का?
– एक गृहिणी, भिवंडी तालुका

उत्तर : येतं. आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकार त्या शाळेला नाही. एका कागदावर लिहून घ्या आणि पुन्हा जा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ : वर्षाच्या मधेच आलेल्या मुलालाही घ्यावं लागतं. कलम ५ : आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर होतोय, या कारणानं अडवता येत नाही. कलम ४ : मूल वयाप्रमाणे त्या त्या वर्गात बसेल, मागं पडलं असेल तर त्याला वेगळं शिकवायची सोय करायची. कलम ९ तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, असं नाव घेऊन सांगतं. आधारचं म्हणाल तर शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्येच सांगितलंय. मुख्याध्यापकांना धाकात घेऊ नका. ते बहुतेक ऑनलाइन नोंदीच्या कटकटीला घाबरलेले असतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मुलं मूळ गावातून निघताना त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळायला हवं, ते आईबापांकडे आहे का पाहा. नसेल तर मूळ शाळेतल्या गुरुजींना फोन करून मागवता येतं.

एवढं झालं की नाव पटावर चढेल. आता खरी अडचण ऐका. भट्टीवर कुटुंब येतं ते पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला. तांदूळ संपलेला असतो, सण तोंडावर असतात, तेव्हा मालक किंवा मुकादम पैसे देतो आणि दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी भट्टीवर बांधली जाते. मजुरी हजार विटांवर. मध्यरात्रीनंतर उठून माती कालवायची, उजाडायच्या आत थापायला बसायचं. आई थापायला बसली की तान्हं कुणी सांभाळायचं? आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या बहिणीनं. तुम्ही ज्या मुलीचं नाव घालाल तीच नेमकी वर्गात दिसणार नाही, आणि शाळा म्हणेल, ‘बघा, आम्ही घेतलं होतं, हीच येत नाही.’

म्हणून शाळेबरोबरच अंगणवाडीत जा. सहा वर्षांखालची भावंडं अंगणवाडीत गेली, तिथं खाऊ लागली, की मोठी मोकळी होते. तान्ह्यांचा प्रश्न त्यानंही सुटत नाही. त्यासाठी तुमच्या सोसायटीतल्या दोघी-तिघींनी सकाळचे तीन तास पाळणाघर चालवता येतं का ते बघा. पूर्वी विधायक संसद या संस्थेनं ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांचं गवत-पेंढ्याचं खोपटं. त्यांनी हेच ओळखलं होतं, की तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या पोरीलाही वर्गात घ्यावं लागतं. तुमच्या शाळेतल्या बाईंना हे चालेल का, ते आधी विचारून घ्या. पहिले चार दिवस रडारड होते, मग वर्गाला सवय होते.

आणि एक. उचल फिटली नाही म्हणून कुणाला निघू देत नसतील, मारहाण होत असेल, तर ते १९७६ च्या कायद्याखालचं वेठबिगारीचं प्रकरण आहे. ते तुम्ही एकटीनं निस्तरायचं नाही. तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी कळवायचं.

प्रश्न : आम्ही पुण्यातले आयटीतले मित्र-मैत्रिणी. ‘एक दिवस आदिवासी मुलांसोबत’ असा उपक्रम करायचा आहे. जुने कपडे, वह्या, खाऊ नेऊ. मोबाइलला रेंज असलेलं आणि एका दिवसात जाऊन येता येईल असं गाव सुचवाल का?
– पुणे

उत्तर : नाही सुचवणार.

रागावू नका. गणवेश, पुस्तकं सरकारकडून येतात. उशिरा येतात, पण येतात. जुन्या कपड्यांचे ढीग शाळेच्या खोलीत पडून उंदीर होतात आणि ते आवरायचं काम परत गुरुजींवर. फोटोसाठी पोरांना रांगेत उभं करणं तर मला कधीच पाहवलं नाही. त्याच पेट्रोलच्या पैशात काय होतं सांगते. वर लातूरच्या सरांना मी जी मदतनीस मुलगी सुचवली, तिचं वर्षभराचं मानधन तुमच्यासारख्या दहा जणांना जड नाही. आधी मुख्याध्यापकांशी बोला, मग समितीच्या ठरावातून, पावतीनं द्या. दुसरं, आठवीनंतर पोरी शाळा सोडतात तिथं वाटेचा हिशेब करा : एसटी येते का, वसतिगृह किती लांब आहे. तिथं पैशापेक्षा आगारप्रमुखाला नेटानं पत्रं लिहिणारा माणूस लागतो आणि पत्रं तुम्हाला चांगली लिहिता येतात. यायचंच असेल तर पावसाळ्यात या, रेंज नसलेल्या गावात, चार दिवस राहायच्या तयारीनं.

प्रश्न : मॅडम, मी धडगाव तालुक्यातली, पावरा समाजाची. बारावी सायन्स झाली, नर्सिंगला जायचं आहे. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मीच पहिली. जात वैधतेसाठी १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर त्यांचा दाखला कुठून आणू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, तुझ्यासारख्या किती मुली हा प्रश्न विचारतात. आजोबांना शाळा मिळाली नाही, आणि त्या न मिळालेल्या शाळेचा कागद आज नातीकडे मागतात. चीड येण्यासारखंच आहे. पण वाटा आहेत.

अनुसूचित जमातींसाठी मानीव दिनांक, म्हणजे पुरावा ज्याच्या आधीचा पाहतात ती तारीख, ६ सप्टेंबर १९५० आहे. त्याआधीची नोंद असली तर उत्तम, आणि ती शाळेचीच असली पाहिजे असं नाही. पहिलं म्हणजे, वडिलांकडच्या रक्तातल्या नात्यात (सख्खे काका, चुलतभाऊ, आत्या) कुणाकडे वैधता प्रमाणपत्र आहे का ते शोध. असेल तर वंशावळ आणि शपथपत्र जोडून तो सगळ्यात भक्कम आधार. आईकडचं चालत नाही, त्यात वेळ घालवू नको.

ते नसेल तर जुनं दप्तर. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात आणि त्यात जात लिहिलेली असते. जमिनीचे जुने उतारे असतात. तुझ्या भागात एक अडचण येईल : अक्राणीतली, म्हणजे तुझ्या धडगाव तालुक्यातली, कित्येक गावं फार काळ वनगावं होती, महसूल खात्याचं दप्तर तिथं उशिरा पोचलं. तेव्हा वनविभागाकडेही अर्ज कर. आणि नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी सगळं धुळे. ‘इथं रेकॉर्ड नाही’ म्हणाले तर ‘नाही’ असं लेखी माग, आणि मग धुळ्याच्या अभिलेख कक्षात अर्ज टाक. नकलेचा अर्ज साध्या कागदावर होतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नको. आजोबांचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं असं निघेल. लिहिणारा कारकून बाहेरचा, त्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. घाबरायचं नाही, दोन्ही नावं एकाच माणसाची असं शपथपत्र करायचं.

दक्षता पथक घरी येईल, चालीरीती, देवदेवता, लग्नाच्या पद्धती विचारेल. आईवडिलांना सांगून ठेव की जे आहे तेच बोला, कुणी पढवलेलं नको. या आप्तभाव चाचणीवरच सगळं ठरवता येत नाही, ती काही अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. दावा फेटाळला तर उच्च न्यायालयात जाता येतं, आणि वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील देतं, मिळकत कितीही असो.

अर्जाची पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेव. वसतिगृहात नंबर लागला नाही तर आदिवासी विकास विभागाच्या स्वयम् योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यावर मिळतात, त्याचा अर्ज प्रकल्प कार्यालयात आधीच चौकशी करून भर. आणि धाकट्या भावंडांचा वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकायला लाव. तुझं प्रमाणपत्र झालं की त्यांचं फार सोपं होईल.

प्रश्न : सरकार फुकट जेवण, फुकट वसतिगृह, गणवेश, शिष्यवृत्ती, सगळं देतं. तरी आश्रमशाळेतून मुलं पळून जातात. होळीला गेलेली महिनाभर येत नाहीत. पालकांनाच शिक्षणाची किंमत नसेल तर दोष कुणाचा?
– एक निवृत्त अधिकारी, अमरावती

उत्तर : साहेब, आपल्या नातवाला वयाच्या सहाव्या वर्षी चाळीस किलोमीटरवर ठेवून याल का? भाषा वेगळी, घरी फोन नाही, जेवणाची चव वेगळी, आणि आजारी पडलं तर डोक्यावर हात ठेवायला कुणी नाही. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजारभर आश्रमशाळा आहेत. काही चांगल्या आहेत. मी तिथले जीव तोडून शिकवणारे शिक्षक पाहिलेत. पण तिथल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती, हेही आपल्याला माहीत असेल. आई पोराला परत पाठवायला का कचरते, याचं उत्तर त्यात आहे.

होळीचं म्हणाल तर कोरकूंचा तो वर्षातला सगळ्यात मोठा सण. पाच-पाच दिवस चालतो, कामाला बाहेर गेलेली माणसंही तेव्हा गावी परततात. शाळेला सुट्टी किती, तर एक-दोन दिवस. त्यालाच लागून मोह पडायला लागतो. पहाटे झाडाखाली जेवढे हात जास्त तेवढी टोपली भरते, आणि त्या पैशावर पुढचे दोन-तीन महिने निघतात. मग तेंदूपत्ता. आपली वार्षिक परीक्षा नेमकी मधे. शाळेचं वेळापत्रक ठरवणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. मेळघाटासाठी सुट्ट्या वेगळ्या का लावता येऊ नयेत, असं मी अनेक बैठकांत विचारलं. ‘राज्यभर एकच कॅलेंडर असतं’ हे उत्तर देणारे आपल्याच खात्यातले होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये कोसबाडला नेलं. पोरं शाळेत येईनात तर त्यांनी शाळा अंगणात नेली; गुरं राखणाऱ्या पोरांसाठी माळावर कुरणशाळा भरवली. पालकांना किंमत आहे की नाही, यावर त्यांनी परिसंवाद घेतला नाही. गडचिरोलीतल्या हेमलकशाची शाळा १९७६ मध्ये सुरू झाली, तेव्हा माडिया मुलं शिकणार नाहीत असंच म्हणत होते. तिथली मुलं पुढं डॉक्टर झाली, वकील झाली.

आकडा हवा असेल तर २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर, अनुसूचित जमातींची ६५.७ आणि त्यांतल्या स्त्रियांची ५७. त्यानंतर पटनोंदणी वाढली, हे मान्य. पण आता कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं घाटतंय. २०२३ मध्ये त्यासाठी नंदुरबारातल्या तोरणमाळचं उदाहरण दिलं गेलं. तोरणमाळला राहायची सोय आहे. सगळीकडे नुसती बस द्यायची म्हटलं, तर पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की बस अलीकडे आणि पहिलीतलं पोर पलीकडे. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. तो नियम डोंगरातल्या पाड्यासाठीच तर आहे.

प्रश्न : मी बचत गटात आहे. बँकेत, रोजगार हमीच्या मस्टरवर, रेशन दुकानात सगळीकडे अंगठा देते. मुलगी दहावीत आहे, ती हे लिहिते आहे. माझ्या वयाच्या बाईला आता शिकता येतं का?
– चिखलदरा तालुका

उत्तर : ताई, येतं. उल्लास नावाचा सरकारी कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आहे, वयाची वरची अट नाही. वर्ग कुठं भरवायचा, केव्हा भरवायचा ते शिकणारी आणि शिकवणारी मिळून ठरवतात. शेवटी वाचन, लेखन आणि आकडेमोड यांची चाचणी होते, पास झालात की प्रमाणपत्र. नाव जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नोंदवायचं. शिकवायला शाळा-कॉलेजातली मुलं स्वयंसेवक म्हणून चालतात, तेव्हा तुमची मुलगीच नोंदवून टाका. तिला सांगा, आईला ‘अ आ इ’पासून नको सुरू करू.

बहुतेक ठिकाणी आधी सही शिकवतात. सही येते, अंगठ्याची लाज जाते, आणि कार्यक्रम तिथंच थांबतो. सही येऊनही कोणत्या कागदावर केली ते कळलं नाही, तर अंगठाच बरा होता. तुम्ही आकड्यांपासून सुरू करा. मोबाइल वापरता, नोटा ओळखता, म्हणजे निम्मे आकडे तुम्हाला येतातच. पासबुक घ्या, त्यात जमा कुठं आणि शिल्लक कुठं ते मुलीकडून बोट ठेवून समजून घ्या. मग जॉबकार्ड : किती दिवस भरले, किती मांडले. मग रेशनची पावती. अंत्योदय कार्ड असेल तर महिन्याला ३५ किलो धान्य लिहिलेलं पाहिजे. पावतीवर किती छापलंय आणि पिशवीत किती पडलंय, ते घरी येऊन मोजा. गटातल्या आणखी चार-पाच जणींना बसवा, एकीची पावती चुकली तर दुसरीच्या लक्षात येते. फरक निघाला तर दुकानदाराशी तिथं भांडू नका. पावती जपून ठेवा, दोन महिन्यांच्या पावत्या जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत सगळ्या जणींनी मिळून अर्ज द्या. अर्ज मुलीनं लिहिला तरी चालेल, पण खाली नावं तुमची तुम्हीच घाला.